जुनी बेस गिटार घेताना काय तपासायचं, आणि घरी आणल्यावर सेटअप कोणत्या क्रमाने करायचा

तार फ्रेटवर (नेकवरच्या, म्हणजे गिटारच्या लांब दांड्यावरच्या, धातूच्या आडव्या पट्टीवर) आपटून खरखर आली की बहुतेक नवे बेसवादक पहिला हात ट्रस रॉडला (नेकच्या आत बसवलेल्या, त्याचा बाक ठरवणाऱ्या धातूच्या दांड्याला) घालतात. तारा खाली आणायच्या म्हणून रॉड आवळतात आणि मग पहिल्या पाच फ्रेटवर एकही सूर स्वच्छ वाजत नाही. काही जण आधी तासभर इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर सूर अचूक येणं) लावतात आणि त्यानंतर तारांची उंची बदलतात. साहजिकच दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा बेसूर. या लोकांची साधनं नीट असतात, हातही नीट असतो. चुकतो तो क्रम.

क्रम असा आहे: तारा, सूर, नेकचा बाक, नट (हेडस्टॉकजवळची, तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी), तारांची उंची, इंटोनेशन आणि शेवटी पिकअप (तारांचं कंपन पकडणारा चुंबकी भाग). यातली प्रत्येक गोष्ट पुढच्या गोष्टी बदलते, मागच्या मात्र जवळजवळ जशाच्या तशा राहतात. नेक सरळ केला की तारा खाली येतात. तारा खाली आल्या की दाबताना त्या कमी ताणल्या जातात आणि इंटोनेशन सरकतं. उलट, इंटोनेशनसाठी सॅडल (बॉडीवरच्या ब्रिजमधला, तार टेकते तो तुकडा) मागेपुढे केलं तर नेकला काहीच फरक पडत नाही. म्हणून अधलीमधली पायरी आधी उरकता येत नाही.

खालची मापं ३४ इंच स्केलच्या (नटपासून सॅडलपर्यंतची तारेची लांबी) चार तारांच्या, धातूच्या राउंडवाउंड (वरून गोल तार गुंडाळलेल्या) तारा लावलेल्या बेससाठी आहेत. पाच तारांची किंवा शॉर्ट स्केल असेल तर आकडे थोडे इकडेतिकडे होतील, क्रम तोच राहील.

## १. पैसे देण्याआधी नेक पाहा

जुन्या बेसमध्ये रंग उडालेला असेल, नॉब हरवला असेल, जॅक सैल असेल तर चिंता नको. ही दुरुस्ती स्वस्तात आणि सहज होते. नेक बिघडला असेल तर मात्र सौदा सोडून द्यावा, कितीही मोह झाला तरी.

गिटार डोळ्याच्या रेषेत धरून बॉडीच्या बाजूने हेडस्टॉककडे (नेकच्या खुंट्यांच्या टोकाकडे) पाहा. फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडा वेगवेगळ्या पाहा. दोन्ही कडा सारख्याच किंचित वाकलेल्या असतील तर ठीक, तो बाक ट्रस रॉडने सुधारतो. एक कड सरळ आणि दुसरी वाकडी दिसली तर नेकला पीळ पडलाय. पीळ ट्रस रॉडने निघत नाही.

आता ट्रस रॉड. विकणाऱ्याची परवानगी घेऊन, योग्य मापाच्या ॲलन कीने (षटकोनी चावीने) तो आधी सैल करण्याच्या दिशेने अगदी थोडा फिरवा. नीट रॉड थोडा विरोध करत फिरतो. तो मोकळाच गोल फिरत असेल, अजिबात हलत नसेल, किंवा पूर्ण आवळलेला असूनही नेक वाकलेलाच असेल, तर ती गिटार तिथेच ठेवा.

मग सॅडल पाहा. सगळी सॅडल पार खाली टेकलेली आहेत आणि तरीही तारा उंच आहेत, असं दिसलं तर नेक बॉडीला चुकीच्या कोनात बसलाय. स्क्रूने जोडलेला नेक असेल तर खाचेत पातळ पट्टी घालून कोन सुधारता येतो. चिकटवलेला नेक असेल तर काम मोठं आहे.

प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवून बघा. तारांखाली फ्रेटवर खोल चर पडलेत का तेही पाहा. ‘जी’ या सगळ्यात बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझताना आढळेल. स्क्रूने जोडलेल्या नेकच्या अनेक चांगल्या बेसमध्येही असं होतं. नेकच्या कंपनामुळे तो सूर मरतो आणि कोणत्याही सेटअपने तो पूर्ण जात नाही. तेवढ्यासाठी चांगली गिटार नाकारू नका.

ॲम्प्लिफायरला जोडल्यावर नॉब फिरवताना खरखर आली तर ती धूळ आहे, काँटॅक्ट क्लीनरने जाते. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर अर्थिंगची वायर जागेवर आहे. तारांना हात लावून फरक पडत नाही, पण जॅकच्या धातूला लावल्यावर घरघर कमी होते, असं असेल तर ब्रिजखालची वायर तुटलेली असण्याची शक्यता मोठी. एका डागणीचं काम आहे. ॲक्टिव्ह बेस असेल तर ९ व्होल्टची नवी बॅटरी स्वतः घेऊन जा, कारण उतरलेल्या बॅटरीवर आवाज फाटका येतो आणि दोष सर्किटचा वाटतो.

तपासा: पट्टा लावून उभे राहा आणि डावा हात सोडा. हेडस्टॉक जमिनीकडे झुकत असेल तर त्या गिटारचा तोल तसाच आहे. रुंद, खरखरीत पट्ट्याने थोडा आधार मिळतो, पण सेटअपने हा दोष जाणार नाही. तासन्‌तास उभं राहून वाजवणाऱ्याने हे आधीच बघायला हवं.

## २. साधनं जमवा

ट्यूनर, ०.५ मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पात्या), कॅपो (तारा फ्रेटवर दाबून धरणारी पकड), स्क्रूड्रायव्हर, तार कापायची पक्कड, मऊ कापड आणि ॲलन की. नव्या तारांचा एक संच.

ॲलन कीबाबत कसूर नको. काही गिटारना मिलिमीटरची की लागते, काहींना इंचाची. ३/१६ इंचाची की म्हणजे सुमारे ४.७६ मिलिमीटर. ती ५ मिलिमीटरच्या खाचेत जाते, फिरतेही, आणि फिरता फिरता खाचेचे कोपरे गोल करून टाकते. एकदा कोपरे गेले की रॉड बाहेरून फिरवता येत नाही. की घट्ट, शेवटपर्यंत आत बसली पाहिजे आणि हलवल्यावर जराही डुगडुगता कामा नये.

## ३. नव्या तारा लावा

जुन्या तारांवर सेटअप करू नका. घाम आणि मळ बसलेली तार लांबीभर एकसारखी कंप पावत नाही आणि तिचं इंटोनेशन कधीच नीट लागत नाही. कोणत्या जाडीच्या तारा वापरणार ते आत्ताच ठरवा. ०.०४५ ते ०.१०५ इंचाचा संच सर्वसाधारण आहे. जाडी बदलली की ताण बदलतो, आणि ताण बदलला की पुढचं सगळं काम पुन्हा करावं लागतं.

सावधान: ताणलेली तार कधीच कापू नका. चार तारांचा मिळून ताण ८० किलोच्या आसपास असतो. आधी खुंट्या फिरवून तारा पूर्ण सैल करा, मग काढा.

तारा निघाल्यात तोवर फ्रेटबोर्ड पुसून घ्या. रोझवुडला तेलाचा हलका हात चालतो. वार्निश केलेल्या मेपलला फक्त किंचित ओलं कापड, तेल नको. नेक मात्र फार दिवस बिनतारांचा ठेवू नका.

नवी तार ब्रिजमधून ओढून तिच्या खुंटीपर्यंत न्या आणि खुंटीच्या पुढे १० ते १२ सेंटिमीटर मोजा. त्या जागी तार आधी काटकोनात वाकवा आणि वाकवलेल्या जागेच्या सेंटिमीटरभर पुढे कापा. न वाकवता कापली तर काही तारांचं वरचं वेटोळं आतल्या गाभ्यावरून सैल होतं आणि नवी तार पहिल्या दिवसापासून मेलेली वाजते. दुकानातून परत केल्या जाणाऱ्या ‘खराब’ तारांपैकी काही अशाच बिघडवलेल्या असतात.

वाकवलेलं टोक खुंटीच्या मधल्या भोकात घाला आणि वेढे वरून खाली बसू द्या. दोन ते तीन वेढे पुरतात. ए तारेला हेडस्टॉकवर दाबून धरणारी पट्टी नसेल तर तिला एखादा वेढा जास्त द्या. तार खुंटीवर खाली उतरली की नटवर नीट टेकते आणि मोकळ्या तारेची किणकिण थांबते.

शेवटची गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात. तार सॅडलवरून उतरते तिथे, सॅडलच्या लगेच पुढे, अंगठ्याने खाली दाबा. नटच्या पुढेही तसंच करा. जाड तार ताठ असते, ती वळणावर कमान करून बसते. ती कमान राहिली तर तारेची खरी लांबी नेमकी कुठे सुरू होते हेच ठरत नाही.

तपासा: तारेच्या टोकाचं रंगीत धाग्याचं वेष्टन सॅडलवर किंवा नटवर येत नाही ना?

## ४. सुरात आणा आणि सुरातच ठेवा

ई ४१.२ हर्ट्‌झ, ए ५५, डी ७३.४, जी ९८. सूर नेहमी खालून वर चढवत लावा. वर गेलात तर पुरतं खाली उतरून पुन्हा चढा. तारा हलक्या हाताने ओढून पुन्हा सुरात आणा, सूर टिकेपर्यंत.

जाड ई तारेवर ट्यूनर गोंधळत असेल तर टोन नॉब कमी करा आणि बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता फ्रेटवर नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) वाजवा.

तुम्ही नेहमी एक सूर खाली उतरवून वाजवत असाल तर सेटअपही त्याच सुरात करा. आणि गिटार मांडीवर, वाजवण्याच्या स्थितीत धरून मोजा. टेबलावर आडवी ठेवली की नेक स्वतःच्या वजनाने आणि खालच्या आधाराने थोडा वेगळा वाकतो. इथे आपण मिलिमीटरच्या दहाव्या भागाची गोष्ट करतोय.

## ५. नेकचा बाक

सगळ्यात जास्त गिटार इथे बिघडवल्या जातात, म्हणून इथे घाई नको.

कंप पावणारी तार मधोमध सगळ्यात जास्त हलते. तिला जागा मिळावी म्हणून नेक किंचित आत वाकलेला हवा. तारा त्याला पुढे ओढतात, ट्रस रॉड मागे खेचतो. रॉड फक्त हा तोल ठरवतो. त्याचा परिणाम मुख्यतः नेकच्या मधल्या भागावर होतो, पंधराव्या फ्रेटच्या पुढे जवळजवळ काहीच नाही. म्हणूनच रॉडने तारांची उंची ठरवणं चूक आहे. तुम्ही एका टोकाचं काम मध्यात करायला जाता.

मोजायचं असं: कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा. ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा. तार आता सरळ पट्टीचं काम करते. आठव्या फ्रेटचा माथा आणि तारेची खालची बाजू यांतली फट फीलर गेजने मोजा. ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर हे चांगलं माप आहे. जोरात वाजवणाऱ्याने ०.३५ कडे राहावं.

फट जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळा. फट कमी किंवा शून्य असेल तर उलट दिशेने सैल करा. दिशा रॉडच्या, किल्लीने फिरवायच्या, नटकडे तोंड करून ठरवायची, मग तो हेडस्टॉकजवळ असो की बॉडीच्या टोकाला. एका वेळी एक अष्टमांश फेरा, त्याहून जास्त नाही. फिरवा, पुन्हा सुरात आणा, पुन्हा मोजा. सूर न लावता मोजलेलं माप फुकट आहे, कारण रॉड फिरवला की तारांचा ताणही बदलतो.

आवळताना फार जड जात असेल तर तारा थोड्या सैल करून मग आवळा. रॉडचा नट बॉडीच्या टोकाला नेकमध्ये दडलेला असेल तर तारा सैल करून, नेकचे स्क्रू काढून तो उचलावा लागतो. कंटाळा येतो, पण फटीतून वाकडा स्क्रूड्रायव्हर घालून झटपट काम करू पाहणारे पिकगार्डही (बॉडीवरची संरक्षक पट्टी) फोडतात आणि रॉडची खाचही.

सावधान: मध्यम जोराने रॉड फिरत नसेल तर थांबा. पुढचं काम कारागिराचं आहे. तुटलेला ट्रस रॉड म्हणजे बहुतेकदा नवा नेक.

खरखर कुठे येते ते ऐकलं तर कारण पुष्कळदा आधीच कळतं. फक्त मोकळी तार खरखरते, दाबल्यावर नाही: नटची खाच खोल. पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर, वर स्वच्छ: नेक फार सरळ किंवा मागे वाकलेला. खाली स्वच्छ, वरच्या फ्रेटवर खरखर: बाक जास्त किंवा सॅडल फार खाली. एकाच तारेवर एकाच फ्रेटला: त्याच्या पुढचा फ्रेट उचकलेला, तिथे सेटअप काही करू शकत नाही, फ्रेट खाली बसवावा किंवा घासावा लागतो.

## ६. नट, फक्त तपासणी

कॅपो काढा. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर पाहा. तिथे केसाएवढी फट हवी. वरून बोटाने टिचकी मारल्यावर बारीक ‘टिक’ आवाज आला म्हणजे फट आहे. तार फ्रेटला टेकली असेल तर खाच फार खोल गेली आहे. फट ठळक दिसत असेल तर खाच उंच आहे, आणि मग पहिल्या दोन-तीन फ्रेटवरचे सूर चढे वाजतात. ही तक्रार लोक ब्रिजकडे सॅडल सरकवून सोडवायला जातात आणि ती सुटत नाही.

खाच घासायला तारेच्या जाडीच्या खास कानशी लागतात. त्या नसतील तर हे काम द्यावं. जास्त घासलेली खाच परत भरून येत नाही.

## ७. तारांची उंची

आता सॅडल. सतराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंत मोजा. सुरुवातीला ई तार २.४ मिलिमीटर आणि जी तार २ मिलिमीटर ठेवा. ए आणि डी त्यांच्या मध्ये, फ्रेटबोर्डच्या गोलाईला धरून. काही जण बाराव्या फ्रेटवर मोजतात, त्यालाही हरकत नाही, पण एक जागा धरली की ती बदलू नका. इतरांचे आकडे वाचताना त्यांनी कुठे मोजलं तेही बघा.

प्रत्येक सॅडलचे दोन्ही स्क्रू सारखे फिरवा. सॅडल एका बाजूला कललं की तार त्यावर घसरते. उंची बदलल्यावर लगेच पुन्हा सुरात आणा.

इथून पुढे आकडे सोडा आणि वाजवा. तुम्ही मंचावर जेवढ्या जोराने वाजवता तेवढ्याच जोराने, प्रत्येक फ्रेटवर. एकेक तार थोडी थोडी खाली आणा. खरखर सुरू झाली की सॅडलचे दोन्ही स्क्रू अर्धा अर्धा फेरा वर घ्या. तार अजून खाली हवी आणि सॅडल संपलं असेल तर नेकचा कोन सुधारावा लागेल. रॉडकडे परत जाऊ नका.

फार खाली आणलेल्या तारांचं वेड मला पटत नाही. तार जेवढी खाली तेवढा हात हलका ठेवावा लागतो, आणि समोर ढोलकी-ड्रम वाजत असताना हात हलका राहत नाही. मग सूर दबका आणि आखूड येतो. थोडी उंच तार भरीव वाजते.

तपासा: ॲम्प्लिफायर बंद असताना ऐकू येणारी थोडी खरखर स्पीकरमधून येते का? येत नसेल तर तिच्यामागे लागू नका.

## ८. इंटोनेशन

बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक वाजवा, ट्यूनरवर अचूक आणा. मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्या, म्हणजे तार लांब होईल. उतरा असेल तर सॅडल नेककडे आणा.

दोन चुका सारख्या होतात. पहिली, सॅडल सरकवल्यावर मोकळी तार पुन्हा सुरात न आणताच दाबलेला सूर बघणं. दुसरी, बाराव्या फ्रेटवर घाबरून जोरात किंवा आडवं दाबणं. त्याने सूर चढतो आणि तुम्ही सॅडल उगाच मागे नेत राहता. वाजवताना दाबता तेवढंच दाबा. तार छेडल्या क्षणी ट्यूनरचा काटा वर उडतो, तो स्थिरावल्यावर वाचा.

सॅडल सरकवण्याआधी तार थोडी सैल करा, नाहीतर स्क्रूचा माथा झिजतो. काम झाल्यावर सॅडल बहुधा पायऱ्यांसारखी दिसतील: ई सगळ्यात मागे, जी सगळ्यात पुढे. एखादं सॅडल रांग सोडून भलतीकडे गेलं असेल तर ती तार खराब आहे किंवा तिसऱ्या टप्प्यातली सॅडलजवळची कमान दाबायची राहिली आहे.

## ९. पिकअपची उंची

तार शेवटच्या फ्रेटवर दाबा. ई तारेखाली पिकअपपर्यंत सुमारे ३.२ मिलिमीटर, जी तारेखाली २.४ मिलिमीटर. मग चारही तारांचा आवाज कानाने सारखा करा. दोन भागांत विभागलेला पिकअप असेल तर ई-ए चा भाग आणि डी-जी चा भाग वेगवेगळा हलवता येतो.

जास्त आवाजाच्या लोभाने पिकअप तारांना भिडवू नका. चुंबक तार ओढतो, ई तारेच्या वरच्या फ्रेटवर सूर लाटांसारखा डुलतो आणि इंटोनेशन बिघडल्यासारखं वाटतं.

## १०. दुसऱ्या दिवशी

लाकूड रात्रभरात बसतं. दुसऱ्या दिवशी सूर लावून फक्त बाक पुन्हा मोजा. तो सरकला असेल तर रॉड थोडा फिरवा आणि सातव्या, आठव्या टप्प्यावरून पुन्हा एक हात फिरवा.

बाक, दोन्ही टोकांच्या तारांची उंची, तारांची जाडी आणि तारीख एका कागदावर लिहून गिटारच्या पेटीत ठेवा. हवा दमट किंवा कोरडी झाली आणि गिटार बदललेली वाटली की आधी हे आकडे ताडून पाहा. बहुतेक वेळा फक्त बाक बदललेला असतो, आणि तो जागेवर आणला की सॅडलला हातही लावावा लागत नाही. जाड किंवा बारीक तारांचा संच लावलात तर मात्र पुन्हा पाचव्या टप्प्यापासून सुरुवात करा.